हबच्या आतच शाफ्ट का तुटतो? – वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरे

प्रश्न : आमच्या साखर कारखान्यात ऊस कॅरियरचा 80 मिलिमीटरचा शाफ्ट दोन हंगामांत दोनदा तुटला. दोन्ही वेळा स्प्रॉकेटच्या हबच्या तोंडापासून तीन-चार मिलिमीटर आत. पहिला ईएन 8चा (साधे मध्यम कार्बनचे पोलाद) होता, दुसरा मुद्दाम ईएन 24चा (जास्त ताकदीचे मिश्र पोलाद) बसवला. हब काढल्यावर आत तांबूस पूड सापडली. सप्लायर टेस्ट सर्टिफिकेट दाखवतो, ऑपरेटर म्हणतो ओव्हरलोड नव्हता. दोष नेमका कुठे?
– मेन्टेनन्स फिटर, चिकोडी तालुका

उत्तर : सप्लायर आणि ऑपरेटर दोघेही खरे बोलत असण्याची शक्यता बरीच आहे. तांबूस पूड आणि कडेपासून थोडे आत तुटणे, ही जोडी दिसली की पहिला संशय फ्रेटिंग फटीगवर घ्यावा, म्हणजे घट्ट बसलेल्या दोन भागांच्या सूक्ष्म घासण्याने आणि उलटसुलट ताणाने पडणाऱ्या तड्यावर.

शाफ्टवर चेनचा ओढा असतो, त्यामुळे तो किंचित वाकलेला राहून फिरतो. प्रत्येक फेऱ्यात त्याचा पृष्ठभाग एकदा ताणला जातो, एकदा दाबला जातो. हब जाडजूड, तो तसा ताणला जात नाही. म्हणून हबच्या तोंडापाशी शाफ्टचा पृष्ठभाग हबच्या आत काही मायक्रॉन पुढेमागे सरकतो. साधारण 5 ते 50 मायक्रॉनची ही सरक डोळ्याला दिसत नाही आणि हातालाही लागत नाही. तिने सुटलेले लोखंडाचे कण ऑक्साइड होऊन तांबूस पूड बनतात. पण पूड हे फक्त लक्षण. खरे नुकसान करते ते घर्षणाचे आडवे बल. सरकणारा पट्टा संपतो तिथे किंवा संपर्काच्या अगदी कडेला ते पृष्ठभागाला ओढून धरते आणि तिथे बारीक तडा जन्मतो. कॅरियर शाफ्ट मिनिटाला 30 फेरे फिरत असेल तर दिवसाला 43,200 फेरे होतात. दीडशे दिवसांच्या गाळपात 65 लाखांच्या आसपास. फटीगला एवढे पुरते.

ईएन 24ने फरक का पडला नाही? साध्या फटीगमध्ये पोलादाची ताकद वाढली की सहनशक्ती वाढते. फ्रेटिंग असताना ती वाढ जवळजवळ पुसली जाते, कारण तडा लवकरच सुरू होतो आणि जास्त ताकदीचे पोलाद खाचेला उलट जास्त संवेदनशील असते. फ्रेटिंगमुळे फटीगची मर्यादा निम्म्यावर, कधी पाचव्या हिश्श्यापर्यंत उतरते. महाग स्टील घेऊन हा प्रश्न सुटत नाही. सुटतो तो संपर्काची कडा सुधारून.

आधी तुटलेला तुकडा फेकू नका, धुऊन बघा. तड्याच्या लाटांसारख्या रेषा कुठून सुरू होतात? घेराभोवती अनेक ठिकाणांहून सुरू होऊन शेवटचा खरखरीत तुटवा लहान असेल, तर एकूण भार कमीच होता आणि आमचे निदान पक्के. रेषा की-वेच्या (की बसवायच्या खाचेच्या) कोपऱ्यातून निघत असतील तर मामला वेगळा. मग की-वेच्या कोपऱ्याचा रेडियस आणि कीची फिटिंग तपासा.

नवा शाफ्ट करताना हबची सीट बाकीच्या शाफ्टपेक्षा जाड ठेवा. शाफ्ट 80चा असेल तर सीट 90ची, म्हणजे सुमारे 1.12 पट. मधला फिलेट (दोन व्यासांमधली गोलाई) 8 ते 10 मिलिमीटर रेडियसचा, टूलचा ओरखडा न ठेवता पॉलिश केलेला. हबचे तोंड सीटच्या कडेच्या दोन-तीन मिलिमीटर बाहेर झुकलेले असावे, म्हणजे कडेचा दाब एका रेषेवर साठत नाही. रेल्वेच्या ॲक्सलवर चाकाची सीट जाड ठेवतात ती याच कारणाने. जागेअभावी सीट वाढवता येत नसेल तर हबच्या तोंडात आतल्या बोअरला लागून एक खोल खाच फिरवून घ्या. कड लवचीक झाली की सरक कमी होते.

मग फिट. 80 व्यासाला एच7/पी6 (बोअर आणि शाफ्टच्या मापांची तक्त्यातली जोडी) घेतले तर इंटरफिअरन्स, म्हणजे शाफ्ट बोअरपेक्षा जेवढा मोठा ते माप, 2 ते 51 मायक्रॉन येतो. 2 मायक्रॉन म्हणजे फिट नसल्यातच जमा. एच7/एस6 घेतले तर 29 ते 78 मायक्रॉन मिळतो. (सीट 90ची केली तर आकडे तक्त्यातून नव्याने काढा, व्यासाचा गट बदलतो.) हब गरम करूनच बसवा. 78 मायक्रॉन आणि वर 50 मायक्रॉन मोकळीक धरली तर तापमान खोलीपेक्षा सुमारे 140 अंशांनी वाढवावे लागते, म्हणजे हब 170-175 अंश सेल्सिअसला. ऑइल बाथ किंवा इंडक्शन हीटर वापरा. एका बाजूने गॅसची ज्योत मारली की बोअर लंबगोल होतो.

दोन जुगाड मात्र बंद करा. सीट ढिली झाली म्हणून सेंटर पंचने ठोकून शाफ्ट फुगवणे हा पहिला. प्रत्येक टिंबाखाली एक तयार खाच पडते. झिजलेल्या सीटवर साध्या रॉडने वेल्डिंग भरून टर्निंग करणे हा दुसरा. वेल्डखालच्या ताणाने आणि कडक थराने शाफ्ट पहिल्यापेक्षा लवकर जातो. शिवाय एमरी पेपरने तांबूसपणा काढला म्हणजे तडा नाहीसा झाला असे नाही. मॅग्नेटिक पार्टिकल तपासणी (चुंबकत्वाने तड्यावर लोखंडाची पूड जमवून तो दाखवणारी) करा, आणि तडा दिसला की तो शाफ्ट बाद.

प्रश्न : ऊस वाहतुकीच्या ट्रकचे पाटे मधल्या बोल्टजवळच तुटतात. ग्रीस लावावे की नको, यावर ड्रायव्हर आणि मेस्त्री यांचे जमत नाही.
– वाचक, निपाणी

उत्तर : दोघांचे बरोबर आहे, जागा वेगवेगळ्या आहेत. पाट्यांच्या टोकांना जिथे पाते पात्यावर घसरते तिथे ग्राफाइट ग्रीस हवे. यू-बोल्टखाली मात्र सरक मुळीच नको, तिथे ग्रीसने नुकसान होते. यू-बोल्ट कंपनीने दिलेल्या टॉर्कवर आवळा आणि नवा पाटा बसवल्यानंतर पहिल्या काही खेपांनी पुन्हा आवळा, कारण रंग आणि गंज दबून आवळ सैल पडते. पाट्याच्या क्लॅम्पखालच्या भागावर रंग नको. सीटच्या प्लेटची कडा धारदार असेल तर फाईलने गोल करा.

प्रश्न : आम्ही बेळगावच्या इंजिनिअरिंग कॉलेजात फ्रेटिंग फटीगचा प्रोजेक्ट घेतला आहे. 100 किलोन्यूटनचे सर्वो-हायड्रॉलिक मशीन आहे. पॅडचा रेडियस किती, दाब किती, सरक कशी मोजायची, फिक्स्चर कसे करायचे? सरांचे म्हणणे आहे की आधी कागदावर आकडे मांडा.
– अंतिम वर्षाचे चार विद्यार्थी

उत्तर : सरांचे ऐका. या चाचणीत सर्वांत जास्त नमुने आकडे न मांडल्यामुळेच वाया जातात.

चपट्या नमुन्यावर दोन बाजूंनी गोल पृष्ठभागाचे पॅड दाबायचे, ही मांडणी घ्या. पायांच्या पुलासारखे ब्रिज पॅड करायला सोपे, पण कडा चौकोनी असल्याने तिथला ताण गणिताने अमर्याद येतो आणि चार पायांवर दाब कधीच सारखा बसत नाही. दंडगोल पॅडला गोल पृष्ठभागांच्या संपर्काचे हर्ट्झचे 1882चे उत्तर लागू पडते, त्यामुळे मोजलेले आणि मांडलेले ताडून बघता येते.

एक संच करून दाखवतो. नमुना आणि पॅड दोन्ही पोलादाचे. नमुन्याची रुंदी 10 मिलिमीटर, दोन पॅडमधली जाडी 12. पॅडचा रेडियस 50, प्रत्येक पॅडचा दाब 4 किलोन्यूटन. रुंदीच्या प्रत्येक मिलिमीटरवर 400 न्यूटन. पोलाद-पोलादाचा एकत्रित मॉड्युलस 115 गिगापास्कल धरा. संपर्काच्या अर्ध्या रुंदीचा वर्ग म्हणजे चार गुणिले दाब गुणिले रेडियस, भागिले π (3.14) गुणिले हा मॉड्युलस. उत्तर 0.22, अर्धी रुंदी 0.47 मिलिमीटर. मधला कमाल दाब 542 मेगापास्कल. नमुन्याची अर्धी जाडी 6 मिलिमीटर, म्हणजे अर्ध्या रुंदीच्या बारा पट. दहाच्या वर असली की अमर्याद जाडीचे गृहीत चालते.

आता आडवे बल. घर्षणगुणांक 0.6 धरला तर पूर्ण सरकायला 2.4 किलोन्यूटन लागतील. आपण 1.5 लावतो. कडेला दाब कमी म्हणून सरक तिथे सुरू होते, मधला पट्टा जाम राहतो. काटानिओने 1938मध्ये आणि मिंडलिनने 1949मध्ये स्वतंत्रपणे दाखवले की जाम पट्ट्याची अर्धी रुंदी भागिले एकूण अर्धी रुंदी म्हणजे ‘एक वजा आडवे बल भागिले पूर्ण घसरणीचे बल’ याचे वर्गमूळ (हे दंडगोलासाठी, गोळ्याला घनमूळ). इथे 0.375चे वर्गमूळ 0.61. जाम पट्टा मध्यापासून 0.29 मिलिमीटरपर्यंत आणि दोन्हीकडे 0.18 मिलिमीटरचे सरकते पट्टे.

नमुन्यातला मुख्य ताण, म्हणजे मशीन नमुन्याला लांबीच्या दिशेने देते तो, ±120 मेगापास्कल असेल तर जाम पट्टा मधोमध राहत नाही, सुमारे 0.04 मिलिमीटर एका बाजूला जातो. म्हणजे एक सरकता पट्टा 0.14चा, दुसरा 0.22-0.23चा. मुख्य ताण वाढवत गेलात तर एका कडेला उलट दिशेची सरक सुरू होते आणि हे सोपे गणित मोडते. मागच्या कडेला पृष्ठभागाचा ओढा किती येतो? दोन गुणिले घर्षणगुणांक गुणिले कमाल दाब, गुणिले 0.625चे वर्गमूळ. 514 मेगापास्कल, वर मुख्य ताणाचे 120. नुसत्या 120ला जो नमुना कधी तुटला नसता, तो इथे का तुटतो ते या दोन आकड्यांत आहे.

मशीनवर ±120 मेगापास्कल म्हणजे ±14.4 किलोन्यूटन. आडवे बल वेगळ्या ॲक्चुएटरने देता आले तर उत्तम. नसेल तर पॅड एका लवचीक आधाराला बांधा, नमुना ताणला की पॅडला आपोआप ओढ लागते. पॅडपासून नमुन्याच्या स्थिर टोकापर्यंत 60 मिलिमीटर असतील तर त्या जागी हालचाल 60 गुणिले 120 भागिले 2,10,000, म्हणजे 0.034 मिलिमीटर. 1.5 किलोन्यूटन हवे असतील तर आधाराची एकूण ताठरता प्रत्येक पॅडमागे 44 किलोन्यूटन प्रति मिलिमीटर हवी. यात पॅड होल्डर, बोल्ट आणि संपर्काची स्वतःची लवचिकता सगळे येते, म्हणून आधाराची प्लेट थोडी जास्त ताठर करून नंतर घासून कमी करा. उलटे करता येत नाही.

आडवे बल मोजायला नमुन्याच्या दोन्ही टोकांना लोड सेल लावा. खालचा 14.4 आणि वरचा 11.4 दाखवत असेल तर फरकाचा अर्धा, 1.5 किलोन्यूटन, एका पॅडचा. सरक मोजायला एक्स्टेन्सोमीटर पॅडच्या कडेजवळ लावा, मशीनच्या क्रॉसहेडची हालचाल घेऊ नका, तीत सगळ्या फ्रेमचा ताण मिसळतो. बल आणि सरकेचा आलेख सतत बघा. बारीक, जवळजवळ बंद फास म्हणजे अर्धवट सरक. फास समांतरभुज चौकोनासारखा उघडला की पूर्ण घसरण सुरू झाली, आणि मग झीज होते पण तडे कमी होतात, कारण झिजेने कोवळे तडे खरवडून निघतात. तुम्हाला अर्धवट सरकच हवी.

घर्षणगुणांक पुस्तकातून उचलू नका. स्वच्छ पोलादाचा सुरुवातीचा 0.2च्या आसपासचा गुणांक काही शे ते हजार फेऱ्यांत 0.6-0.8 पर्यंत चढतो. म्हणून हजारभर फेरे झाल्यावर थांबून आडवे बल हळूहळू वाढवा, घसरण झाली ते बल भागिले दाब म्हणजे तुमचा गुणांक.

पॅडचा दाब बोल्टने थेट आवळू नका. 50 किलोन्यूटन प्रति मिलिमीटर ताठरतेच्या बोल्टला 10 मायक्रॉन झीज झाली की 4 किलोन्यूटनमधले 0.5 गेले. डिस्क स्प्रिंगचा संच मध्ये घालून ताठरता 2 किलोन्यूटन प्रति मिलिमीटर केली तर तोटा फक्त 20 न्यूटन. दाब स्ट्रेन गेजने सतत नोंदवा. 5 टक्क्यांहून जास्त घसरला तर ती चाचणी बाद धरा.

पॅड वायरकटने (तारेच्या विजेच्या ठिणगीने कापून) काढलात तर वरचा वितळून गोठलेला थर ग्राइंडिंगने पूर्ण काढा. शेवटचा पृष्ठभाग 0.4 मायक्रॉन आरएच्या (सरासरी खडबडीतपणाच्या मापाच्या) आत. जुळणी बघायला कार्बन पेपर किंवा प्रेशर फिल्म ठेवून अर्ध्या दाबाने ठसा घ्या. 10 मिलिमीटरच्या रुंदीभर ठशाची जाडी सारखी हवी. एका टोकाला ठसा पाचराच्या आकाराचा आला तर होल्डरखाली शिम द्या, दाब वाढवून तो सरळ करायला जाऊ नका. शेवटी ॲसिटोनने पुसा आणि बोट लावू नका, बोटाचे तेल पहिल्या हजार फेऱ्यांचे घर्षण बदलते.

10 हर्ट्झला दहा लाख फेरे म्हणजे जवळजवळ 28 तास, एक कोटी म्हणजे साडेअकरा दिवस. एवढ्या काळात वीज जाणारच. पंप बंद पडला की मुख्य बल उतरते, पॅडचा दाब तसाच राहतो. परत सुरू करताना बल धक्क्याने न देता हळूहळू चढवा आणि खंड नोंदवा. हवेची आर्द्रताही लिहा: जुलैतली बेळगावची हवा आणि एप्रिलमधली हवा वेगळी, आणि ऑक्साइडचा थर त्याप्रमाणे बदलतो. त्याच ताणावर पॅडविना दोन-तीन नमुने आधी तोडून घ्या, नाहीतर फ्रेटिंगने नेमके किती कमी झाले हे सांगायला आधारच राहणार नाही.

प्रश्न : आमच्या लॅबमध्ये साध्या फटीगचे नमुने मधोमध न तुटता ग्रिपमध्येच तुटतात.
– लॅब टेक्निशियन, मच्छे

उत्तर : तुमच्या ग्रिपमध्येच फ्रेटिंग चालू आहे. इडन, रोझ आणि कनिंगहॅम यांनी 1911मध्ये ही तांबूस पूड पहिल्यांदा नोंदवली ती फटीग मशीनच्या ग्रिपमध्येच. ग्रिपमधले क्षेत्रफळ मधल्या भागाच्या किमान दोन ते अडीच पट करा, खांद्याचा रेडियस वाढवा आणि जबड्याच्या कडेपासून नमुन्याचा खांदा लांब ठेवा. मधे पातळ ॲल्युमिनियमचा पत्रा दिला तर कडेचा दाब पसरतो. प्रत्येक नमुन्याला तो नवा घ्या.

प्रश्न : फाइनाइट एलिमेंटमध्ये (भागाचे बारीक तुकडे पाडून संगणकावर ताण काढण्याच्या पद्धतीत) संपर्काच्या कडेचा ताण मेश, म्हणजे तुकड्यांची जाळी, बारीक केला की वाढतच जातो. कोणता आकडा खरा मानायचा?
– अध्यापक, बेळगाव

उत्तर : कडा चौकोनी असेल तर कोणताच नाही. तिथे ताण गणितानेच अमर्याद आहे, मेश फक्त ते तुम्हाला हप्त्याहप्त्याने सांगतो. पॅड दंडगोल असेल तर उत्तर मर्यादित असते, पण कडेपाशी एलिमेंट 5 ते 10 मायक्रॉनचे हवेत. आधी मिंडलिनच्या उत्तराशी जाम पट्ट्याची रुंदी जुळवा. ती जुळल्याशिवाय ताणाकडे बघू नका.

तरीही कडेच्या एका बिंदूचा ताण घेऊन आयुष्य मांडलेत तर अंदाज फार कमी येईल. हा ताण खोलीत फार झपाट्याने उतरतो, तड्याला वाढायला मात्र खोलवर ताण लागतो. नॉवेल आणि हिल्स यांच्या 1980च्या दशकातल्या चाचण्यांत कमाल दाब तोच ठेवून संपर्क लहान केला तेव्हा एका मर्यादेखाली नमुने तुटेनासेच झाले. म्हणून ताण ठरावीक खोलीवर किंवा खोलीभर सरासरी काढून घ्यावा. आयुष्यासाठी स्मिथ-वॉटसन-टॉपर (1970) निकष, म्हणजे कमाल ताण आणि विकृती यांच्या गुणाकाराचा, वापरतात. 1984चा रुइझ पॅरामीटर, म्हणजे ताण, घर्षणाचा ताण आणि सरक यांचा गुणाकार, तडा कुठे सुरू होईल हे बऱ्यापैकी सांगतो, किती फेऱ्यांनी हे सांगत नाही. त्यावरून आयुष्याचे आलेख काढलेले प्रोजेक्ट रिपोर्ट दिसतात, ते गंभीरपणे घेऊ नयेत.

प्रश्न : गिऱ्हाईक शाफ्टच्या सीटवर शॉट पीनिंग (बारीक छऱ्यांचा मारा करून पृष्ठभाग दाबणे) मागतो. आमच्याकडे सोय नाही, लेथवर रोलर बर्निशिंग (कडक रोलरने पृष्ठभाग दाबणे) करून दिले तर चालेल का? ड्रॉइंगवर काय लिहावे?
– वर्कशॉप मालक, उद्यमबाग

उत्तर : जाड शाफ्टला चांगल्या दाबाचे रोलिंग बहुतेक वेळा पीनिंगपेक्षा सरसच ठरते. पीनिंगचा दाबलेला थर साधारण 0.1 ते 0.3 मिलिमीटर खोल, जोरकस रोलिंगचा एक मिलिमीटरपर्यंत किंवा त्याहून खोल जातो. पण फक्त चकाकी आणणारे हलके बर्निशिंग आणि हे रोलिंग एक नव्हे. ड्रॉइंगवर ‘बर्निश’ एवढेच लिहिले तर टर्नर चकाकी आणून देईल. रोलरचा व्यास, त्याच्या नाकाचा रेडियस, रोलरवरचे बल, फीड आणि पासची संख्या लिहा. बल हायड्रॉलिक किंवा स्प्रिंगच्या टूलने द्या आणि शाफ्ट वाकू नये म्हणून समोरासमोर दोन किंवा तीन रोलर ठेवा. एका रोलरने बाजूने दाबले तर लेथचे बेअरिंगही जाते.

रोलिंग हबच्या तोंडाच्या दोन्ही बाजूंना किमान 20 मिलिमीटर पुढे न्या. पट्टा बरोबर कडेवर थांबवला तर दाबलेल्या थराच्या शेवटाला ओढीचा ताण येतो आणि शाफ्ट तिथे तुटतो. रोलिंगनंतर सीटवर टर्निंग नको. व्यास काही मायक्रॉनने बदलतो, तेव्हा ग्राइंडिंगचा भत्ता आधीच धरा आणि नंतर फक्त हलका पॉलिश द्या. शाफ्टला पुढे जास्त तापवू नका, दाबलेला ताण ढिला पडतो. हब 175 अंशांवर गरम करून बसवायला मात्र हरकत नाही.

गिऱ्हाइकाला एक गोष्ट आधीच सांगून ठेवा. रोलिंगने तडा सुरू होणे थांबत नाही, वाढणे थांबते. काही वर्षांनी हब काढून मॅग्नेटिक पार्टिकल तपासणी केली तर सीटवर दशांश मिलिमीटरचे बारीक तडे दिसू शकतात, आणि शाफ्ट चांगला असूनही बिल अडते. रोलिंगची नोंद आणि तड्याची स्वीकारार्ह खोली ऑर्डरमध्येच लिहून घ्या. खोली शंकास्पद वाटली तर सीट 0.2-0.2 मिलिमीटरने ग्राइंड करून प्रत्येक वेळी तपासा. दुसऱ्या पासला तडा नाहीसा झाला नाही तर तो वाढतो आहे असे धरा.